पहिले वर्ष आणि नोकरीचा विचार

महाविद्यालयाचे पहिले वर्ष रुळण्यात जाऊ द्यावे आणि नोकरीचा विचार तिसऱ्या वर्षी करावा, असे मत अनेकदा ऐकू येते; ते मला अर्धेच पटते. रुळायला वेळ लागतो हे खरे. शाळेत दोन दिवस दांडी मारली की बाई घरी निरोप धाडत, महाविद्यालयात मात्र कोणी हटकले नाही आणि सत्राच्या शेवटी कमी हजेरीच्या यादीत, ठाण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर, माझा क्रमांक झळकला. परंतु नोकरीची ओळख लांबणीवर टाकू नये. शिकाऊ उमेदवारी (अॅप्रेंटिसशिप), म्हणजे प्रत्यक्ष कामावर राहून काम शिकणे, ही फक्त आयटीआयवाल्यांची, असा समज दिसतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 2014 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर बीकॉम, बीए झालेल्यांनाही ती करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळते.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात बाहेर जाणाऱ्या मालाची चलने (चलान) लिहिली. मालाची संख्या आणि गेटपासवरील आकडा जुळेपर्यंत टेम्पो सुटत नसे, चालक हॉर्न वाजवत राही, आणि लेखाशास्त्रातले साठ्याचे प्रकरण मला तिथेच, बहुधा त्या हॉर्नच्या धाकाने, नीट कळले.