वेअरहॅमजवळच्या संरक्षित हीथला केव्हा जावे?

प्रश्न
आई-वडील या उन्हाळ्यात आमच्याकडे इंग्लंडला येत आहेत. त्यांना डॉर्सेटमधील वेअरहॅम गावालगतचे हीथ, म्हणजे हीदरच्या झुडपांनी व्यापलेले माळरान, दाखवण्याची इच्छा आहे. आईला वनस्पतींची फार आवड आहे, परंतु चढ तिला झेपत नाही. कोणता महिना योग्य ठरेल, आणि आमचा कुत्रा सोबत न्यावा का?

पहिले उत्तर
फुलांसाठी ऑगस्टचा मध्य साधावा, कारण हीदरच्या दोन जातींपैकी जुलैपासून बहरलेली ‘बेल हीदर’ (bell heather) तेव्हा टिकून असते आणि ‘लिंग हीदर’ (ling) हीही फुलू लागलेली असते. जमीन बरीचशी सपाट आहे, मात्र काही वाटा भुसभुशीत वाळूच्या आहेत. आईंना ओलसर भागाच्या कडेला थांबून खाली पाहायला अवश्य सांगा. तेथे ‘दवबिंदू’ या कीटकभक्षी वनस्पतीची इवलीशी रोपे असतात. पानांवरच्या लाल केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकतात आणि त्यांत एखादे चिलट अडकलेले दिसते. निकस, आम्लधर्मी मातीत न मिळणारे नत्र ही वनस्पती अशा किटकांमधून मिळवते.

दुसरे उत्तर
कुत्र्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: न्यायचा असल्यास सतत आखूड दोरीने बांधूनच न्यावा. खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे कोणालाही पायी फिरता येईल अशा जमिनीवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात दोरी दोन मीटरपेक्षा लांब नसावी, असा कायदाच आहे. पण रातवा हा निशाचर पक्षी जमिनीवरच अंडी घालतो आणि त्याची दुसरी वीण ऑगस्टपर्यंत चालू शकते, म्हणून जुलैनंतरही सवलत घेऊ नये. ॲडर हा विषारी साप उन्हाला वाटेवर येतो, आणि गोचिडांचा त्रासही असतो, तेव्हा पूर्ण लांबीची पँट व बूट हवेत. आग अजिबात पेटवू नये. मे 2020 मध्ये वेअरहॅमच्या जंगलात दोनशेहून अधिक हेक्टर क्षेत्र जळाले होते.

तिसरे उत्तर
तोडलेली पाइनची झाडे पाहून आई-वडिलांना वाईट वाटू नये, म्हणून त्यांना आधीच कल्पना द्यावी. हे माळरान माणसाच्या हजारो वर्षांच्या जंगलतोडीतून आणि चराईतून घडलेले आहे. गुरे चरली नाहीत आणि रोपटी काढली नाहीत, तर बर्च व पाइन ते व्यापून टाकतात. 2020 मध्ये याच भागातील पर्बेक हीथ्स हे 3,300 हेक्टरांहून मोठे राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झाले, त्यात गुरांसोबत तट्टे आणि डुकरेही मोकळी सोडली जातात. आणखी एक, रातव्याची घरघर ऐकायची असेल, तर ऑगस्टपेक्षा जूनमधील सूर्यास्तानंतरची वेळ अधिक खात्रीची.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. कुत्रा घरीच ठेवतो. आई-वडील जूनमध्येच पोहोचत असल्याने महिनाअखेरीस एक संध्याकाळ रातव्यासाठी राखून ठेवतो, आणि फुलांसाठी ऑगस्टमध्ये पुन्हा जाऊ.