निवडणुकीतल्या ‘प्लॅटफॉर्म’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘व्यक्तिपूजा’ इथे बसतो का?

मूळ प्रश्न

फिलिपिन्समधल्या प्रेसिडेंटच्या निवडणुकांवर मराठीत लिहायला घेतलंय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडलीय. एक म्हणजे ‘प्लॅटफॉर्म’. तिकडे ‘प्लातापोर्मा’ म्हणतात, स्पॅनिशमधून आलेला शब्द, आणि प्रत्येक इलेक्शनला तिथले पेपरवाले, प्राध्यापक, चर्चचे लोक हेच सांगत असतात की बाबांनो चेहरा बघू नका, प्लातापोर्मा बघा. मराठीत मंच, व्यासपीठ, फलाट यातलं काहीच चालणार नाही हे उघड आहे. जाहीरनामा लिहिला तर तो छापलेला कागद वाटतो.

दुसरं, तिथे नट, बॉक्सर, टीव्हीवरचा माणूस किंवा मोठ्या घराण्यातलं पोर ओळखीचं म्हणून निवडून येतं, त्याला मी आधी ‘व्यक्तिपूजा’ लिहिलं होतं. पण लिहिल्यापासून खटकतंय. उदाहरणं डोळ्यापुढे आहेत, १९९८ मध्ये सिनेनट जोसेफ एस्त्रादा जवळपास ४० टक्के मतं घेऊन प्रेसिडेंट झाला, २०२२ ला सिनेटच्या निकालात अॅक्शन हिरो रॉबिन पादिल्या देशात पहिला आला. याला पूजा म्हणायचं का? काय वापराल?

प्रतिसाद

प्लॅटफॉर्मला सरळ ‘कार्यक्रम’ लिहा. ‘किमान समान कार्यक्रम’ हा शब्द आपल्याकडे पेपरात इतकी वर्षं रुळलाय की वाचणाऱ्याला लगेच कळतं, लग्नाचा कार्यक्रम कुणी समजणार नाही. एकेका मुद्द्याबद्दल असेल तर ‘भूमिका’, आणि कागद म्हणायचा असेल तेव्हाच ‘जाहीरनामा’. ‘धोरण’ मी टाळेन, धोरण सरकारचं असतं, उमेदवाराकडे अजून सरकार नसतं.

प्रतिसाद

‘कार्यक्रम’ला माझंही मत. पण व्यक्तिपूजा अजिबात नको, यावर जरा सविस्तर लिहितो कारण मनिलात नोकरीनिमित्त राहिलोय आणि त्या लोकांबद्दल हा शब्द वाचला की त्रास होतो.

पूजा म्हटलं की भक्त आला, आणि भक्त देवाला सोडून जात नाही. फिलिपिनो मतदार सोडून जातो की. मॅनी पाक्याव घ्या, आठ वजनगटांत वर्ल्ड चॅम्पियन, त्याची फाइट असली की रस्ते ओस पडायचे, त्याच्याइतका लाडका माणूस त्या देशात दुसरा नसेल. २०२२ ला प्रेसिडेंटला उभा राहिला तर ३६ लाखांच्या आसपास मतं मिळाली आणि जिंकणाऱ्याला ३ कोटी १६ लाख. म्हणजे नुसती प्रसिद्धी पुरत नाही. त्याच इलेक्शनला इस्को मोरेनो होता, मनिलाचा मेयर, आधीचा नट, गरिबीतून वर आलेला, तो पाक्यावच्याही मागे राहिला.

माझ्या मते मराठीत यासाठी अगदी रोजचा शब्दप्रयोग आहे, ‘माणूस बघून मत देणं’. गावात ग्रामपंचायतीला आपण हेच म्हणतो, पक्ष राहू दे, माणूस बघ. यात तुच्छता नाही, आणि मुख्य म्हणजे मत देणारा डोळे उघडे ठेवून बघतोय हे त्यात आहे.

आता तो माणूसच का बघतो, कार्यक्रम का नाही? कारण कार्यक्रम धरून ठेवायला तिथे काही शिल्लकच राहत नाही. पक्ष बघा. १९५३ चा मॅगसायसाय लिबरल पक्षातून नासिओनालिस्तात गेला आणि प्रेसिडेंट झाला. १९६५ ला थोरल्या मार्कोसनं, म्हणजे पुढे मार्शल लॉ लावणाऱ्या फर्डिनांड मार्कोसनं, हुबेहूब तेच केलं. अलीकडे तर कोण जिंकतो ते बघून निकालानंतर खासदारांची रांगच्या रांग त्याच्या पक्षात जाते, २०१६ ला प्रेसिडेंट झालेल्या दुतेर्तेच्या पीडीपी-लाबान पक्षाचे निवडून आलेले खासदार मोजकेच होते आणि नंतर बघता बघता तोच संसदेतला सगळ्यात मोठा गट. अशा पक्षाच्या जाहीरनाम्यावर कुणी विश्वास का ठेवावा? त्यात १९८७ च्या राज्यघटनेनुसार प्रेसिडेंटला एकच टर्म, सहा वर्षांची, परत उभंच राहता येत नाही. म्हणजे शब्द पाळला नाही म्हणून पुढच्या वेळी पाडायची सोयच नाही, मग शब्दापेक्षा शब्द देणारा कसा आहे हे बघण्यावाचून मतदाराच्या हातात काय उरतं?

आणि प्रेसिडेंट आणि व्हाइस प्रेसिडेंटला वेगवेगळं मत द्यायचं असतं. १९९२, १९९८, २०१०, २०१६, चारही वेळा दोघे वेगवेगळ्या गोटातले निवडून आले. २०१६ ला दुतेर्ते प्रेसिडेंट आणि लेनी रोब्रेदो व्हाइस प्रेसिडेंट, ड्रग्जच्या कारवाईपासून एकूण एका गोष्टीवर दोघांची तोंडं दोन दिशांना. सिस्टिमच जर कार्यक्रमाचे दोन तुकडे करून एकाच मतपत्रिकेवर ठेवत असेल तर कार्यक्रम बघा म्हणून सांगण्यात काय अर्थ राहिला.

प्रतिसाद

मतपत्रिकेचा विषय निघालाच आहे तर एक शब्द सांगते, ‘कोदिगो’. मूळचा शाळेतला, परीक्षेत कॉपी करायची चिठ्ठी. पण तिथे मतदानाला नेतात त्या यादीलाही कोदिगोच म्हणतात आणि ती न्यायला पूर्ण परवानगी असते. कारण २०१० मध्ये मशीन येईपर्यंत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसायची, रिकाम्या ओळी असायच्या आणि मतदारानं स्वतःच्या हातानं नावं लिहायची! प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, मग सिनेटची १२, मग गव्हर्नर, मेयर, कौन्सिलर… एका बाकावर बसून वीस-पंचवीस नावं आठवून लिहायची म्हटल्यावर कुणाचं नाव आठवेल? ज्याचं पोस्टर सिनेमाच्या थिएटरवर बघितलंय त्याचं, ज्याच्या बापाला आजोबांनी मत दिलं होतं त्याचं. आता गोल काळे करायचे असतात, नावं छापलेली असतात, पण टोपणनावावर निवडणूक लढवायची सवय त्या हातानं लिहिण्याच्या काळात मुरलेली आहे.

मार रोहास हा अमेरिकेत शिकलेला, बड्या घराण्यातला, प्रेसिडेंटचा नातू, तो २००४ ला ‘मिस्टर पालेंगके’ म्हणजे ‘मंडईवाला’ असं नाव घेऊन सिनेटला देशात पहिला आला. तोच माणूस २०१६ ला प्रेसिडेंटला उभा राहिला, मागच्या सरकारचं काम पुढे नेण्याचा व्यवस्थित कार्यक्रम घेऊन, आणि दुतेर्तेपुढे टिकला नाही.

प्रतिसाद

टोपणनावावरून, एस्त्रादाचं ‘एराप’ कसं झालं माहितीय का, ‘पारे’ उलटं वाचायचं. पारे म्हणजे कुंपारे, आपल्या पोराच्या बारशाला जो धर्मपिता म्हणून उभा राहतो तो, आणि आता बोलताना कुठल्याही दोस्ताला. मराठीत ‘भावा’ किंवा कोल्हापूरकडे ‘मर्दा’ म्हणतात तसं. त्याची घोषणा होती ‘एराप पारा सा माहिराप’, एराप गरिबांसाठी. यमक तर जुळतंच, पण त्यात एक नातंही आहे. दुतेर्तेला ‘तातय दिगोंग’ म्हणतात, तातय म्हणजे बाबा. १९८६ ला थोरल्या मार्कोसनंतर प्रेसिडेंट झालेली कोरी आकिनो ‘तिता कोरी’, कोरीआत्या किंवा मावशी. आपल्याकडे साहेब, दादा, ताई, आबा असतात तसंच हे, आणि आपण त्याला पूजा कुठे म्हणतो, आपण ‘आपला माणूस’ म्हणतो. मला वाटतं मूळ प्रश्नाला ‘आपला माणूस’ जास्त नेमकं उत्तर आहे.

मूळ प्रश्नकर्ता

‘माणूस बघून’ आणि ‘आपला माणूस’ दोन्ही आवडले. पण एक शंका. २०२२ चा निकाल यात कसा बसवायचा? थोरल्या मार्कोसचा मुलगा बोंगबोंग मार्कोस निवडणूक आयोगाच्या डिबेटना गेलाच नाही, घोषणा फक्त ‘युनिटी’ची, तांदूळ २० पेसो किलो करू असं म्हणाला, कसं करणार ते नीट सांगितलं नाही. समोर रोब्रेदो, व्हाइस प्रेसिडेंट म्हणून काम केलेली, मुद्देसूद योजना मांडणारी, तिला दीड कोटी मतं. त्याला ५८ टक्क्यांच्या वर, १९८६ नंतर निम्म्याहून जास्त मतं घेऊन आलेला पहिलाच प्रेसिडेंट. इथे लोकांनी माणूस बघितला की आडनाव?

प्रतिसाद

आडनाव बघितलं, आणि आडनावावर वर्षानुवर्षं टिकटॉक, यूट्यूब, फेसबुकवरून चढवलेला सोन्याचा मुलामा बघितला. त्याच्या बापाच्या मार्शल लॉच्या काळात पकडलेली, मारलेली माणसं त्या व्हिडिओंत नव्हती, फक्त रस्ते, पूल आणि हॉस्पिटलं होती. म्हणून मी ‘माणूस बघून’ आणि ‘प्रतिमा बघून’ हे दोन शब्द वेगळे ठेवा म्हणतो. दावाओ शहरातल्या लोकांनी दुतेर्तेला वीसेक वर्षं मेयर म्हणून बघितलं होतं, तो कसा आहे हे त्यांना माहीत होतं, चांगलं-वाईट सगळं माहीत होतं. उरलेल्या देशानं त्याची प्रतिमा बघितली. तीन ते सहा महिन्यांत गुन्हेगारी आणि ड्रग्ज संपवतो म्हणाला आणि पुढे हजारो माणसं मेली, त्यातली बहुतेक गरीब वस्त्यांतली, म्हणजे ज्यांनी त्याला बाबा म्हटलं त्यांच्याच गल्लीतली. हे लिहिताना अजूनही हात जड होतो.

पण तेवढ्यावर ‘लोक भुलले’ म्हणून मोकळं होऊ नका. दुतेर्तेची २०१६ ची घोषणा होती ‘तापांग आत मालासाकित’. तापांग म्हणजे धाडस. मालासाकितला मी ‘कळवळा’ लिहीन, त्यातल्या ‘साकित’चा अर्थ दुखणं असा आहे आणि कळवळा म्हणताना कळ ऐकू येतेच. हा शब्द तिथे पोकळ नाही. सरकारी हॉस्पिटलात माणूस अॅडमिट झाला की बिलासाठी घरचे लोक ‘गॅरंटी लेटर’ गोळा करत फिरतात, इतके पैसे आम्ही भरू असं पत्र, एक खासदाराच्या ऑफिसातून, एक समाजकल्याण खात्यातून, एक सरकारी लॉटरी महामंडळातून, प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग, वेगळे झेरॉक्स, आणि पेशंट तिकडे पडून. २०१८ पासून ही सगळी टेबलं हॉस्पिटलातच एका खोलीत आणली, त्याला नाव दिलं ‘मालासाकित सेंटर’, पुढच्या वर्षी कायदाही झाला. पैसा सरकारचाच, पण लोकांच्या डोक्यात ती खोली बोंग गो या माणसाची, दुतेर्तेचा जुना मदतनीस. तो २०१९ ला सिनेटर झाला आणि २०२५ ला देशात पहिला आला. ज्या बाईचं नवऱ्याचं बिल तिथे माफ झालं तिला सांगून बघा की ताई, तुम्ही कार्यक्रम बघून मत दिलं नाहीत. तिच्यापुरता तोच कार्यक्रम आहे, आणि तो माणसाच्या नावानं आला कारण हक्क म्हणून कधी आलाच नाही.

त्यामुळे लेखात ‘व्यक्तिपूजा’ तर नकोच, आणि अजून एक शब्द तिकडचा भाषांतरित करून आणू नका ही विनंती, ‘बोबोतांते’. बोबो म्हणजे मठ्ठ, बोतांते म्हणजे मतदार, दोन्ही जोडून केलेली शिवी. शिकलेली शहरी मंडळी निकाल मनासारखा लागला नाही की सर्रास वापरतात. २०२२ ला रोब्रेदोचे गुलाबी कपड्यांतले (तो तिच्या प्रचाराचा रंग) कार्यकर्ते घरोघर गेले, मनापासून गेले, पण ऑनलाइन हीच शिवी इतकी फिरत होती की दारात आलेल्या पोरांचं ऐकायच्या आधी लोकांनी ती ऐकलेली होती.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. ‘व्यक्तिपूजा’ काढतोय. कार्यक्रम, माणूस बघून, प्रतिमा बघून आणि आपला माणूस, हे चार ठेवतो. शेवटचे दोन शब्द राहिलेत, ‘त्रापो’ आणि ‘बालिंबिंग’.

प्रतिसाद

त्रापो म्हणजे ‘ट्रॅडिशनल पॉलिटिशियन’चं छोटं रूप, आणि स्पॅनिशमधून आलेल्या त्रापोचा अर्थ फडकं. मराठीत ‘पोतेरं’ लिहा, चुलीजवळचं नाही, फरशी पुसायचं.

प्रतिसाद

पोतेरं मुळात सारवायचंच असतं हो, चुलीजवळ काय नि ओसरीवर काय. पण शब्द फिट आहे.

बालिंबिंग मात्र भाषांतर न करताही चालेल, ते आपल्याकडचंच फळ आहे, कोकण-गोव्यात करमळ किंवा करंबळ म्हणतात ते, आडवं कापलं की चांदणी दिसते. कुठूनही धरा, नवीन धार समोर येते, म्हणून पक्ष बदलणाऱ्याला तिकडे बालिंबिंग. पोर्तुगीजांनी ‘कारांबोला’ हा शब्द आपल्या करंबळावरूनच घेतला, तेव्हा लेखात खुशाल ‘करमळ’ लिहा आणि एकदाच सांगा की निवडणुकीनंतरच्या आठवड्यात मनिलात ती फार पिकतात.