आमटी पातळ झालीये, एवढंच तो म्हणाला होता

परवा जेवताना नवरा म्हणाला, "आज आमटी पातळ झालीये." मी ताट तसंच ठेवून उठले, रात्री पाठ फिरवून झोपले. सकाळी चहा उकळताना उमगलं, तो बोलला आमटीबद्दल आणि मी ऐकलं 'तुला काहीच जमत नाही.' नोकरी सोडून दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझीच मला किंमत वाटत नाही. तुमच्या संसारात असं झालंय का? राग, रुसवे, अबोला कसे निभावलेत? अनुभव लिहा, मोकळेपणाने.

*

(पिंपरी, लग्नाला 12 वर्षं)
2020 मध्ये चाकणची नोकरी गेली. बायको शिक्षिका, घराचा हप्ता तिच्या पगारातून जायला लागला. ती एका शब्दाने बोलली नाही, पण मला तिची पर्ससुद्धा टोचायची. "दूधवाल्याचे पैसे दिलेस का?" एवढ्यावरून मी मोबाइल भिंतीवर फेकला. मुलगी दारात उभी होती. पुढे नऊ दिवस अबोला, निरोप मुलीमार्फत. शेवटी समुपदेशकाकडे गेलो. त्यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धत शिकवली, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार तपासायचा. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, मग मी काय केलं. पहिल्यात दूधवाला, तिसऱ्यात फुटलेला मोबाइल. मधला रकाना भरायला आठवडा लागला: 'कमावत नाही तो पुरुष कसला?' हे वाक्य तिचं नव्हतंच, माझं होतं. एलिस यांचा भर विनाअट आत्मस्वीकारावर होता, कारण यशावर टेकलेला आत्मसन्मान यशाबरोबरच जातो. माझा तसाच गेला होता. वही बायकोला वाचायला दिली. वाटलं होतं चिडेल, ती रडली.

*

आम्ही दोघंही तापट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, भांडताना नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर निवायला किमान 20 मिनिटं लागतात. आता मी गच्चीवर जाते, पण "साडेनऊला येते" असं सांगून. न सांगता गेले की त्याला तो अबोलाच वाटतो. लहानपणी घरात तेच पाहिलंय त्याने.

*

31 वर्षं झाली. "हिला काय कळतंय" हे यांचं पाहुण्यांसमोरचं ठरलेलं वाक्य. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. 46व्या वर्षी शिवणाचे क्लास घ्यायला लागले. हातात स्वतःचे पैसे आले, तसा आवाजही आला. एकदा सगळे गेल्यावर शांतपणे म्हटलं, "अहो, चारचौघांत असं बोललात की मला फार लागतं." ते गप्प बसले. नंतर दोनदा त्यांनी जीभ आवरलेली मी पाहिली.

*

माझं वेगळं आहे. सहा वर्षं मी स्वतःचा राग आवरत राहिले, त्याचा हात काही थांबला नाही. आपणच कमी पडतोय असं वाटायचं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अपमान आणि शिवीगाळीलाही हिंसाच मानतो, हे फार उशिरा कळलं. कुणी त्यात असेल तर आधी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. रकाने नंतर.

*

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. काल रात्री त्याला आमटीचं सांगितलं. "मला वाटलं तुझं डोकं दुखतंय," म्हणाला. मग नोकरीचा विषय निघाला. दीड वाजेपर्यंत बोलत होतो.