सल्ला हवा: एआयआरई जनुकाची चाचणी करून घ्यावी का?

शेवंती
नमस्कार मंडळी. माझी मोठी मुलगी ११ वर्षांची, तिला दोन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेह निघाला. मला हाशिमोटोचा थायरॉइड, आईला कोड. धाकटा आता ४ वर्षांचा आहे. अमेरिकेतल्या नणंदेने वाचलं की छातीतल्या थायमस ग्रंथीत एआयआरई नावाचं जनुक बिघडलं की शरीर स्वतःवरच उलटतं. तेव्हापासून ‘सगळ्यांची चाचणी करा’ असा तिचा धोशा चाललाय. लॅबने पॅकेजचा आकडा सांगितल्यावर नवरा गप्पच बसला. वर एका दुकानदाराने ‘थायमस अर्का’च्या गोळ्या गळ्यात मारल्यात. चाचणी करावी का? आणि हे थायमस प्रकरण नक्की आहे तरी काय? शोधून शोधून डोक्याचा भुगा झालाय.

पेशीवाला
मी इम्युनॉलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे चाचणीचं कुणीतरी दुसरं सांगेल, मी ग्रंथीचं सांगतो.

थायमस छातीच्या हाडामागे असते. मराठीत यौवनलोपी ग्रंथी. वयात आल्यावर आक्रसत जाते म्हणून. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेतून इथे येतात आणि इथे घडतात. प्रत्येक टी पेशीचा ग्राही (शत्रू ओळखायचं तिचं प्रथिन) जनुकांचे तुकडे वाटेल तसे जुळवून बनतो, त्यामुळे काही पेशी आपल्याच इन्शुलिनला शत्रू समजणाऱ्या निघणारच. त्या इथेच गाळायच्या असतात. पण इन्शुलिन बनतं स्वादुपिंडात, थायरॉइडचं थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन गळ्यात. छातीत बसलेल्या पेशीला ते दिसणार कसं?

तर थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी हे सगळं स्वतःच थोडं थोडं बनवून दाखवतात! एरवी यकृताच्या पेशीत यकृताचीच जनुकं उघडी असतात, बाकीची कुलूपबंद. एआयआरई नेमकी ही बंद जनुकं गाठतं. डीएनए ज्या हिस्टोनवर गुंडाळलेला असतो, त्याच्या शेपटीवर ‘चालू’ची मिथाइल खूण नसेल तिथे एआयआरईचं प्रथिन बसतं आणि अडून राहिलेल्या पॉलिमरेजला (जनुक वाचणाऱ्या यंत्राला) पुढे ढकलतं. एका पेशीत यातली मोजकीच जनुकं उघडतात, शेजारणीत वेगळी. सगळ्यांची मिळून हजारो. जी टी पेशी यातल्या कशालाही फार घट्ट चिकटते ती तिथेच मरते. काहींना मारत नाहीत, इतरांना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी बनवून कामाला लावतात. (२०२५चं वैद्यकाचं नोबेल या नियामक पेशींवरच्या कामाला मिळालं.)

हे जनुक १९९७ मध्ये सापडलं, २१व्या गुणसूत्रावर. ते थायमसमध्ये काय करतं हे २००२ मध्ये बॉस्टनच्या गटाने उंदरांवर दाखवलं.

गवतीचहा
बालरोगतज्ज्ञ आहे, हार्मोनचे रुग्ण बघते. शेवंतीताई, घाबरू नका.

एआयआरईच्या दोन्ही प्रती (आईकडून एक, वडिलांकडून एक) बिघडल्या की एपीएस-१ नावाचा आजार होतो. फार दुर्मीळ. फिनलंडमध्ये साधारण २५,००० त एक, इराणी ज्यूंमध्ये ९,००० त एक. त्याची ओळख तीन गोष्टींवरून: तोंडात वारंवार येणारी, औषधाला दाद न देणारी बुरशी, पॅराथायरॉइड बंद पडून कॅल्शियम उतरणं (हातपाय वळणं, झटके), आणि अ‍ॅडिसन, म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं. तिन्हीपैकी दोन असतील तर चाचणी जरूर. मुलांमध्ये यातलं काही आहे का? नसेल तर माझ्या मते ते पैसे ठेवा. थायरॉइड, कोड आणि टाइप १ एकाच घरात दिसणं आम्हाला नवीन नाही. त्यामागे बहुतेक वेळा एचएलए (प्रतिकारशक्तीची जनुकं) आणि इतर अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो.

उकडीचा_मोदक
तोंडातल्या बुरशीचा आणि शरीर स्वतःवर उलटण्याचा काय संबंध? उलट प्रतिकारशक्ती कमी असली की बुरशी येते ना?

पेशीवाला
@मोदक, लाखातला प्रश्न. अनेक वर्षं कुणालाच उलगडलं नव्हतं. २०१० मध्ये कळलं की या रुग्णांचं शरीर स्वतःच्याच आयएल-१७ आणि आयएल-२२ या निरोप्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. बुरशीला अडवणारे निरोपेच पकडले जातात. बहुतेकांत टाइप १ इंटरफेरॉन या विषाणूंशी लढणाऱ्या निरोप्यांविरुद्धही असतात, आणि २०२० मध्ये तशीच प्रतिपिंडं गंभीर कोविडच्या निदान १० टक्के रुग्णांत सापडली, ज्यांना एपीएस-१ नव्हताच.

आडवा_प्रश्न
एक दुरुस्ती. दोन्ही प्रती बिघडाव्याच लागतात असं नाही. जी२२८डब्ल्यू हा बदल एकाच प्रतीत असला तरी त्रास देतो. एका इटालियन कुटुंबात तो सापडला आणि तिथे थायरॉइडच जास्त होता. मग शेवंतीताईंच्या नणंदेचं अगदीच चूक कसं म्हणायचं?

गवतीचहा
बरोबर, तेवढं माझ्याकडून सुटलं. असे आणखीही काही बदल माहीत आहेत आणि त्यांचा आजार सौम्य असतो. तरी माझा सल्ला तोच. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा एखादा बदल निघाला तर त्याचं काय करणार? काळजी मात्र वाढेल. करायचीच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, पॅकेजवाल्याला नको.

धाकट्यासाठी खरं उपयोगाचं वेगळंच आहे. मुलीच्या डॉक्टरांना जीएडी, आयए-२ वगैरे (स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटलेल्या) प्रतिपिंडांच्या तपासणीबद्दल विचारा. सख्ख्या भावंडांसाठी ती करतात. धोका आधी कळला तर पहिल्यांदाच बेशुद्धावस्थेत रुग्णालय गाठायची वेळ टळू शकते.

पेशीवाला
ताई, तुमच्या घराला एआयआरईपेक्षा जवळचा धागा सांगतो. इन्शुलिनच्या जनुकाआधी डीएनएचा एक पुन्हापुन्हा येणारा तुकडा असतो. तो लांब असेल तर थायमसमध्ये इन्शुलिन दोन-तीन पट जास्त बनतं आणि टाइप १चा धोका कमी होतो. स्वादुपिंडात असा फायदा दिसत नाही, थायमसमध्येच दिसतो. म्हणजे जनुक धडधाकट असूनही ते तिथे *किती* वाचलं जातं यावर बरंच अवलंबून. अर्थात तो लांब असला म्हणून हमी नाही, आखूड असला म्हणून आजार ठरलेला नाही.

आणि त्या गोळ्या! प्रथिन पोटात गेलं की पचतं. त्याने टी पेशींची शाळा भरत नाही.

शेवंती
सगळ्यांचे मनापासून आभार. बुरशी, झटके असलं काही नाही दोघांनाही. सोमवारी मुलीची एचबीए१सीची (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची) भेट आहे, तेव्हाच धाकट्याच्या प्रतिपिंडांचं विचारते. नणंदेला हा धागा पाठवलाय, तिचं ‘हम्म’ आलं.

गोळ्यांची बाटली अजून सीलबंद आहे. पावतीही आहे. दुकानदार परत घेईल का?

उकडीचा_मोदक
पावती दाखवून आवाज जरा चढवा, घेतात.