घणसोलीत बेरोजगारी मोजायची आहे, प्रश्नावलीत नेमकं काय विचारू?

घणसोली_सेक्टर: एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी घणसोली गावठाण आणि शेजारच्या सेक्टरमधली 150 घरं घेतली आहेत. प्रश्न ठेवलाय, 'आपण बेरोजगार आहात का? हो/नाही.' पुढे प्रकार निवडायचा: घर्षणजन्य, संरचनात्मक, चक्रीय, हंगामी. गाइड म्हणतात, हे चालणार नाही. का? आणि नाक्यावरचे मजूर कशात धरायचे?

खाडीपूल: गाइडचं बरोबर आहे. असं थेट विचारलं की पेन्शनर 'हो' म्हणतो, कॉलेजातला मुलगा 'हो' म्हणतो आणि साड्यांना फॉल-पिको करून देणारी बाई म्हणते, 'मी काही करत नाही, घरीच असते.' तिघांचीही नोंद चुकते.

सरकारच्या आवर्ती श्रमशक्ती सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, साप्ताहिक स्थितीची व्याख्या घ्या. 15 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला याच क्रमानं विचारा. गेल्या 7 दिवसांत एखाद्या दिवशी निदान 1 तास काम केलं का? घरच्या दुकानात बिनपगारी बसणंही यात आलं. 'हो' म्हटलं की तो रोजगारात, पुढचं विचारू नका. 'नाही' असेल तर: काम आहे, पण रजा किंवा आजारपणामुळे गेला नाहीत का? तोही रोजगारात. तेही नसेल तर: काम शोधलंत का, किंवा मिळालं असतं तर केलं असतंत का? 'हो' म्हणणारा बेरोजगार. उरलेले श्रमशक्तीच्या बाहेर.

समजा 15 वर्षांवरची 500 माणसं आहेत; 270 कामात, 15 बेरोजगार. श्रमशक्ती म्हणजे दोन्ही मिळून 285, तेव्हा दर 15 भागिले 285, म्हणजे सुमारे 5.3 टक्के. 500 नं भागलंत तर 3 येईल, आणि काम न करणारे सगळे 230 बेरोजगार धरलेत तर 46! माणसं तीच. श्रमशक्ती सहभाग दर (285 भागिले 500, इथे 57 टक्के) शेजारी दिल्याशिवाय बेरोजगारीचा दर छापू नका. बेरोजगार लोक कंटाळून काम शोधायचं सोडतात आणि मिळालं तरी करणार नाही म्हणतात, तेव्हा हा दर उलट खाली येतो.

वागळे_नाका: नाक्यावरच्या मजुराची या व्याख्येत पंचाईत होते. सहा दिवस उभा राहिला, दोनच दिवस काम लागलं, तरी तो 'रोजगारात'. म्हणून रोजचे तास वेगळे लिहा. जुन्या दैनिक स्थितीच्या पद्धतीत 4 तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, 1 ते 4 तासांच्या आत म्हणजे अर्धा. तसं मोजलं की याचे 2 दिवस कामाचे, 4 बेकारीचे. बेरोजगारीच्या अंदाजांसाठी नेमलेल्या दांतवाला समितीनं 1970 मध्येच बेरोजगारी एका आकड्यात बसवायला विरोध केला होता, तो अशाच माणसांमुळे. 'आणखी काम मिळालं तर कराल का?' हेही विचारा, अर्धबेरोजगारी तिथे सापडते.

बाकी, रोजगार केंद्रातली नोंदणी हा बेरोजगारीचा आकडा म्हणून वापरू नका. नोकरी असलेलेही नाव नोंदवतात, आणि नाक्यावरचा बहुधा नोंदवतच नाही.

घणसोली_सेक्टर: मग प्रकारांचा रकाना काढूनच टाकू?

खाडीपूल: काढा. 'मी संरचनात्मक बेरोजगार आहे' असं कोण सांगणार? त्याऐवजी विचारा: शेवटचं काम कोणतं, ते का सुटलं, किती महिने झाले, आता कोणतं काम शोधताय. प्रकार नंतर तुम्ही ठरवायचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या बंद रासायनिक कारखान्याचा ऑपरेटर वर्षभर घरी आहे आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या जागा त्याच्या कामाच्या नाहीत: संरचनात्मक. तिथलाच कोणी एक कंपनी सोडून महिन्याभरात दुसरीकडे लागणार असेल तर घर्षणजन्य. शहापूर-मुरबाडच्या वीटभट्ट्या पावसाळ्यात थांबतात, तो मजूर हंगामी. एकाच आठवड्याचा प्रश्न त्याला पकडेलच असं नाही, त्यासाठी गेल्या 365 दिवसांत कोणत्या महिन्यांत काम होतं ते विचारावं लागतं; नुसती वर्षाची 'नेहमीची स्थिती', म्हणजे जास्त काळ काय केलं, त्याला बहुधा रोजगारातच धरते. साप्ताहिक आणि नेहमीच्या स्थितीचे दर एकमेकांशी ताडून पाहू नका. चक्रीय, म्हणजे मंदीमुळे येणारी, तर एका फेरीत दिसतच नाही, त्याला अनेक तिमाह्यांचे आकडे लागतात.

वागळे_नाका: एक राहिलं. 285 च्या श्रमशक्तीवर 5 टक्क्यांच्या आसपासचा दर असेल तर चूक साधारण अडीच टक्के-बिंदू इकडे-तिकडे, घरं यदृच्छेनं निवडली असली तरीही. तेव्हा 'गावठाणात 6, सेक्टरमध्ये 4' असले निष्कर्ष काढू नका. आणि रविवारी संध्याकाळी जा. दुपारी गेलात तर घरच्यांची उत्तरं सासूबाईच देतात, आणि सुनेचं शिवणकाम त्यांच्या हिशेबात काम नसतं.