अरुंद रस्त्यावरची धडक: उभी असलेली गाडी आपोआप निर्दोष ठरते का?

मूळ लेखन

गेल्या महिन्यात दोन दगडी भिंतींमधून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर, आंधळ्या वळणावर, समोरून आलेल्या गाडीने माझ्या गाडीला धडक दिली. कोणालाही इजा झाली नाही. बंपरचा चालकाकडचा कोपरा आत गेला आणि त्या बाजूचा हेडलाइट फुटला, एवढेच नुकसान झाले. समोरची गाडी दिसताच मी ब्रेक दाबला होता आणि धडक बसली तेव्हा माझी गाडी पूर्णपणे थांबलेली होती. समोरच्या चालकाचे म्हणणे मात्र असे की मी रस्त्याच्या मधोमध होतो आणि धडकेच्या क्षणी दोन्ही गाड्या चालत होत्या. साक्षीदार कोणी नव्हता, माझ्या गाडीत कॅमेराही नव्हता. आता दोन्ही विमा कंपन्यांनी निम्मा-निम्मा दोष मान्य करून प्रकरण मिटवावे असे सुचवले आहे.

मला हे मान्य नाही. प्रश्न पैशांचा नाही. जो थांबला आणि जो थांबू शकला नाही, त्या दोघांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. उभ्या गाडीने काय चूक केली, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

प्रतिसाद १

आपला राग मला समजतो, पण आपली मांडणी मला पटत नाही. धडकेच्या क्षणी कोण उभे होते, यावरून दोष ठरत नाही. दोष त्याआधीच्या दोन-तीन सेकंदांत घडलेला असतो. ज्या रस्त्यावर दोन गाड्या मोकळेपणाने एकमेकींशेजारून जाऊ शकत नाहीत, तिथे दिसणारे अंतर दोघांच्या सामाईक मालकीचे असते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर हे स्पष्टच लिहिले आहे: एरवी दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतका वेग चालतो, पण समोरून येणाऱ्याला धोका होईल इतका रस्ता अरुंद असेल, तर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यातच थांबता आले पाहिजे.

हे माप आपल्या प्रसंगाला लावून पाहा. वळणावर समोरचे 28 मीटर दिसत असतील, तर त्यातले 14 मीटर आपले आणि 14 समोरच्याचे. आपण 19 मीटर वापरून थांबला असाल, तर थांबूनही आपण त्याच्या वाट्यात शिरलेले होता, आणि त्याने आपल्या हक्काच्या अंतरात ब्रेक दाबूनही धडक अटळ होती. म्हणून ‘मी थांबलो होतो’ हे उत्तर अपुरे आहे. ‘मी कुठे थांबलो’ हे सांगा. रस्ता चढाचा होता का, हेही सांगा. 1968 च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूक करारात उतरणाऱ्या वाहनाने बाजूला होऊन चढणाऱ्याला वाट द्यावी, असे आहे. मात्र चढणाऱ्यालाच आधी गाडी बाजूला घेण्याची जागा मिळत असेल, तर तिथे त्यालाही थांबावे लागते. आपण अशी एखादी जागा मागे टाकून पुढे आला होतात का?

मूळ लेखकाचे उत्तर

रस्ता सपाट आहे. गाडी बाजूला घेण्याची जागा माझ्या मागे सुमारे चाळीस मीटरवर होती, पण तिथून वळणापलीकडचे काहीही दिसत नाही. न दिसणाऱ्या गाडीसाठी कोणी कुठवर थांबून राहायचे? ‘कुठे थांबलो’ हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो मी स्वतःला विचारला नव्हता, हे कबूल करतो. धडकेनंतर मी छायाचित्रे काढली आहेत. त्यांवरून जागा नक्की करता येईल.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीची पाहणी केली आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. नुसत्या पोच्याकडे आणि ओरखड्यांकडे पाहून कोणती गाडी उभी होती, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. पत्र्याला फक्त दोन गाड्यांमधला एकत्रित वेग कळतो. एक उभी आणि दुसरी ताशी 10 किलोमीटरने आली, किंवा दोन्ही ताशी 5 ने एकमेकींवर आल्या, तरी बंपर जवळजवळ सारखाच दबतो. समोरच्या चालकाने आपला पोचा दाखवून ‘दोन्ही चालत होत्या’ असे म्हटले असेल, तर त्या पुराव्याला अर्थ नाही. आणि आपण तोच पोचा दाखवून ‘मी उभा होतो’ म्हणालात, तर त्यालाही नाही. ओरखडा चाकावर असता तर गोष्ट वेगळी होती. फिरत्या चाकावर घासल्याच्या खुणा वक्र उमटतात, थांबलेल्यावर सरळ. आपल्या बाबतीत चाकाला स्पर्शच झालेला नाही.

त्यामुळे गाडीपेक्षा रस्ता पाहा. धडकेच्या हादऱ्याने चाकावरच्या मडगार्डाच्या आतल्या बाजूला चिकटलेली वाळकी माती खाली गळते. गाडी उभी असेल तर ती चाकाभोवती ढिगासारखी पडते, चालती असेल तर पुढे पसरत जाते. हेडलाइटच्या काचांचा सडाही कोणत्या दिशेला ओढला गेला आहे, ते पाहा. गाड्या हलवण्याआधी, खाली वाकून, भिंतीचा एखादा ओळखू येणारा दगड चौकटीत घेऊन छायाचित्रे काढली असतील, तर आपल्याजवळ बरेच काही आहे. लोक पोच्याची दहा छायाचित्रे काढतात आणि चाकाखालच्या जमिनीचे एकही काढत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटत आले आहे.

प्रतिसाद ३

मला विमा कंपन्यांचा प्रस्ताव योग्य वाटतो. साक्षीदार नाही, कॅमेरा नाही, दोन परस्परविरोधी जबान्या आहेत. अशा वेळी निम्मा-निम्मा म्हणजे आपल्यावर ठेवलेला ठपका नव्हे, तो पुराव्याच्या अभावाचा हिशेब आहे. एकेकाळी याहून फार कठोर न्याय होता. 1809 साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात रस्त्यावर आडव्या टाकलेल्या दांड्याला घोडेस्वार धडकला. दांडा टाकणाऱ्याची चूक होतीच, पण स्वार बेफाम वेगात होता, म्हणून त्याला एक छदामही मिळाला नाही. थोडी चूक तुमची असली की सगळी भरपाई गेली, असा तो नियम होता आणि तिथल्या कायद्याने दोषाची वाटणी स्वीकारायला 1945 साल उजाडले. दोष वाटून घेणे ही सुधारणा आहे. आपण ती नाकारून पुन्हा ‘सगळा दोष त्याचा’ या टोकाला जात आहात.

मूळ लेखकाचे उत्तर

वाटणीला माझा विरोध नाही, पण वाटणी म्हणजे समान वाटणी नव्हे. पुरावा पाहून प्रत्येकाचा वाटा ठरवणे ही सुधारणा, आणि पुरावा पाहण्याचे कष्ट टाळून मधोमध रेघ ओढणे ही सोय. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालू नयेत.

काल टेप घेऊन मी पुन्हा त्या वळणावर गेलो. छायाचित्रात माझ्या पुढच्या चाकाशेजारी भिंतीतला एक पांढरा, कोपरा तुटलेला दगड दिसतो, आणि चाकाभोवती मातीची ढेकळे एका मुठीत मावतील इतक्या जागेत पडलेली आहेत. वळणावर समोरचे 28 मीटरच दिसते, हा प्रतिसाद १ मध्ये धरलेला आकडा योगायोगाने खरा निघाला. पलीकडची गाडी जिथून पहिल्यांदा दिसते, त्या जागेपासून मी 12 मीटरवर थांबलो होतो, म्हणजे 16 मीटर त्याच्यासाठी शिल्लक होते. एक सेकंद भान यायला आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक, असा हिशेब केला तर ताशी 30 किलोमीटरला सुमारे 13 मीटर लागतात आणि ताशी 35 ला साधारण साडेसोळा. पाचाच्या फरकाने तो निम्म्या अंतराच्या नियमाबाहेर जातो, आणि उरलेले अर्धा मीटर कमी पडले तरी ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या वेगाने धडक बसते. माझ्या बंपरवर तेवढेच नुकसान आहे.

प्रतिसाद १

मोजमाप प्रामाणिक आहे आणि अंतराबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेतो. पण भान येण्याचा वेळ एकऐवजी दीड सेकंद धरा, आणि आपले 30 देखील निम्म्या अंतरात बसत नाही. साडेसतरा मीटर लागतात. इतक्या काठावरच्या आकड्यांवर समोरच्याचा वेग सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. शिवाय आपण लांबीचे माप दिलेत, रुंदीचे दिले नाही. ‘मधोमध होतात’ हा त्याचा मूळ आरोप अजून अनुत्तरित आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

रुंदीही मोजली होती, आणि ती लिहायला माझा हात अडखळला, हे खरे आहे. रस्ता 4 मीटर रुंद आहे. माझी गाडी आरसे सोडून पावणेदोन मीटर, आणि छायाचित्रात माझे चाक आणि भिंत यांत 70 सेंटिमीटर आहेत. मी भिंतीपासून 30 वर असतो, तर त्याला आणखी 40 सेंटिमीटर मिळाले असते. त्याची गाडीही माझ्याएवढीच रुंद आणि आपल्या भिंतीपासून 30 वरच धरली, तर गाड्या तरीही मोकळ्या सुटल्या नसत्या, पण कोपऱ्यावर कोपरा येण्याऐवजी अंगाला अंग घासले असते आणि हेडलाइट बहुधा वाचला असता. वळणाआधीच मी भिंतीकडे सरकायला हवे होते.

आज सकाळी विमा कंपनीला आराखडा आणि छायाचित्रे पाठवली. मुख्य दोष समोरच्या वेगाचा आहे, हे म्हणणे कायम ठेवले आहे आणि निम्मा वाटा नाकारला आहे. मात्र आराखड्यात माझे 70 सेंटिमीटर लाल शाईने दाखवले आहेत आणि त्यासाठी माझ्याकडे चौथा हिस्सा धरावा, असे लिहिले आहे. समोरच्या चालकालाही तीच प्रत पाठवली आहे.