अनुभव धागा : बोटीवर आपली बाटली आणि बूच काढायची मजुरी

विषय जरा चैनीचा आहे, कबूल. पण अलीकडे ओळखीपाळखीत जो उठतो तो क्रूझ करून येतो, आणि परत आला की एक तरी बाटलीची गोष्ट सांगतोच. कुणाची जप्त झाली, कुणी दोन लपवून नेल्या, कुणाला भलताच भुर्दंड पडला. त्या सगळ्या गोष्टी एका जागी याव्यात म्हणून हा धागा. पहिला मान माझा.

जानेवारी २०२४. लेकाने फोर्ट लॉडरडेलहून कॅरिबियनची सात रात्रींची बोट ठरवली होती. आम्ही पुण्याहून निघताना नाशिकची शिराझ घेतली, अकराशे रुपयांची. सूनबाईंच्या घरच्यांना वाटतं भारतात वाईन होतच नाही, तेव्हा एकदा दाखवूच म्हटलं. माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ती बाटली पुणे, मुंबई, नेवार्क, फोर्ट लॉडरडेल असा प्रवास करून बोटीपर्यंत पोचली. बंदरावर एक्स-रेमधून गेली, कुणी काही बोललं नाही. माणशी एक बाटली चालत होती.

दुसऱ्या दिवशी जेवायला नटूनथटून गेलो. बाटली टेबलावर ठेवली. वेटर फार गोड मुलगा, इंडोनेशियाचा. त्याने लेबल वाचलं, मान डोलावली, आणि हलक्या आवाजात सांगितलं की कॉर्केज, म्हणजे आपली बाटली त्यांच्या टेबलावर उघडायचा आकार, पंधरा डॉलर, वर अठरा टक्के सेवाशुल्क. म्हणजे १७ डॉलर ७० सेंट. आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला, चौदाशे सत्तर रुपये. "अकराशेची बाटली आणि बूच काढायची मजुरी चौदाशे सत्तर!" आता खरी गंमत ऐका. त्या बाटलीला बूच नव्हतंच. फिरकीचं झाकण होतं. वेटरने ते कट्‌कन फिरवलं, एका सेकंदाचं काम.

पैसे भरले. वाईन छान लागली की पैसे भरलेत म्हणून छान लागली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमचं लिहा. बोट कुठलीही चालेल, बाटलीही कुठलीही.

सिअॅटलहून

काकू, तुम्ही बाटली केबिनमध्ये उघडली असती तर बहुधा काहीच पडलं नसतं. बऱ्याच अमेरिकी कंपन्यांचा रिवाज साधारण असा: एकवीस पूर्ण झालेल्या माणसामागे ७५० मिलीची एक सीलबंद बाटली, फक्त चढण्याच्या दिवशी, तीही हातातल्या सामानात. खोलीत प्यायलात तर तुमची तुम्ही, डायनिंग रूममध्ये नेलीत की कॉर्केज. पण सगळीकडे असंच नाही आणि नियम सारखे बदलतात, तेव्हा तिकीट काढल्यावर आपल्या बोटीचं पान पुन्हा वाचावं.

आम्ही चार जोडपी अलास्काला गेलो ती नॉर्वेजियन कंपनीच्या बोटीने. तिथली तऱ्हा वेगळी. बाटल्या कितीही आणा, पण चढतानाच प्रत्येक बाटलीचे पैसे मोजा, मग खोलीत प्या नाहीतर टेबलावर. आम्ही गेलो तेव्हा ७५० मिलीला १५ आणि दीड लिटरच्या मॅग्नमला ३० डॉलर होते. म्हणजे मोठी बाटली आणून चलाखी करू म्हणणाऱ्याला वाव नाही. खोक्यातली वाईनही चालत नव्हती.

हिशोब मांडतो, सवय आहे. बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. माझी रीसलिंग, म्हणजे पांढरी वाईन, १२ डॉलरची, कॉर्केज १५, एकूण २७. ग्लासला ५ डॉलर ४० सेंट. बोटीवर तसाच ग्लास तेरा डॉलर आणि वर सेवाशुल्क. फायदा उघड आहे. पण आमच्यातल्या एकाने चार डॉलरच्या सहा बाटल्या आणल्या होत्या, त्याचं काय चुकलं ते त्याला अजून पटत नाही. अरे, बूचाचे पंधरा तर ठरलेलेच, मग त्याच पंधरात तीस-चाळीसवाली आण ना! स्वस्त वाईनवर कॉर्केज भरणं म्हणजे शंभराच्या चपलेला दोनशेची शिलाई.

ग्लेशियर बेमध्ये सकाळी साडेदहाला बाल्कनीत ब्लँकेट गुंडाळून ती रीसलिंग प्यायलो. बर्फाची बादली केबिनवाल्याने फुकट दिली. समोर मैलभर बर्फच होता म्हणा.

नागपूर

माझं थोडक्यात. आम्ही बाटली मोठ्या बॅगेत घातली, जी बंदरावर हमालाकडे देतात. हातात ठेवायची असते हे माहीत नव्हतं. संध्याकाळचे सात वाजले, सगळ्यांच्या बॅगा दाराशी आल्या, आमची नाही. बायको मुंबईच्या विमानातल्या कपड्यांतच जेवायला आली. मग फोन आला की खाली अमुक डेकवर या.

तिथे खोलीबाहेर रांग. टेबलावर इस्त्र्या, किटल्या, एक्सटेन्शन बोर्ड, मेणबत्त्या यांचा ढीग. माझ्यापुढचा अमेरिकन तोंड पाडून उभा, त्याच्या माउथवॉशच्या बाटलीत व्होडका निघाली होती, हिरवा रंग वगैरे घालून. आमची बॅग उघडली. वाईन बघितली, दोन मिनिटं आपसात बोलले आणि चक्क परत दिली. पकडला गेला तो बायकोचा इलेक्ट्रिक कुकर! खिचडीसाठी आणलेला. त्याला केबिन नंबरची चिठ्ठी लागली आणि तो आठ दिवस जप्तीत. सहप्रवाशांना वाटत होतं आम्ही दारूच्या भानगडीत अडकलो. बायको प्रत्येकाला सांगत सुटली, "नो नो, राइस! राइस!"

ठाणे, मूळ गाव तासगाव

तासगाव म्हटलं की बेदाणा, हे सांगायला नको. आमच्या घरात तीन पिढ्या तेच. त्यामुळे ग्रीसच्या सहलीत सगळे निळे घुमट बघत होते आणि मी द्राक्षं.

सांतोरिनी बेटावर वेली मांडवावर नसतात. वारा इतका की वेलीला टोपलीसारखी गोल वळवून जमिनीवरच बसवतात, घड आत लपलेले. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही गेलो तेव्हा एका वायनरीच्या अंगणात द्राक्षं उन्हात पसरलेली. मी थबकलोच. आमच्याकडे द्राक्ष डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमध्ये जाळीवर टाकतात, सावलीत, हिरवा रंग टिकावा म्हणून. इथे उघड्या उन्हात काळपट होईपर्यंत टाकलेली. वायनरीतल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, बारा-पंधरा दिवस वाळवायची, मग पिळायची, मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपात. त्याची विनसांतो. गोड, मधासारखी दाट. घोट घेतला आणि जिभेवर थेट आमच्या शेडचा वास आला. खोटं नाही सांगत, डोळे भरून आले. वडील जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

बाटली घेतली, अर्ध्या लिटरची. महाग होती, किंमत बायकोला अजून सांगितलेली नाही. त्याच रात्री आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता, बोटीवर टेबल राखून ठेवलं होतं. फिरा नावाच्या तिथल्या गावातून खाली बंदरावर यायला केबल कारची रांग दीड तास, ऊन असं की बाटली पिशवीत तापेल म्हणून मी ती सावलीच्या बाजूला धरून उभा. छोट्या बोटीने मोठ्या बोटीवर आलो. मशीनमधून पिशवी गेली, आणि गणवेशातल्या माणसाने हात पुढे केला.

त्या बोटीचा नियम असा, की चढण्याच्या दिवशी आणलेली वाईन चालते, वाटेतल्या बंदरात घेतलेली नाही. ती ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री देतात. मी म्हटलं कॉर्केज घ्या, दुप्पट घ्या. तो म्हणाला, सर, त्याची सोय नाही. पावती दिली, पिवळी, तिच्यावर केबिन नंबर आणि "१". त्या रात्री टेबलावर पावती ठेवून आम्ही बोटीची वाईन प्यायलो. बायको म्हणाली, ती बाटली आता पंचवीस वर्षं आणि चार दिवसांची होऊन येईल.

शेवटच्या संध्याकाळी बाटली कागदात गुंडाळून आली, पण सकाळी सातला उतरायचं होतं आणि बॅगा भरायच्या होत्या. उघडलीच नाही. मुंबईच्या कस्टमला माणशी दोन लिटर चालतं, तेव्हा अर्धा लिटर बिनबोभाट घरी आला. दिवाळीच्या पाडव्याला उघडली. आई ऐंशीची, आयुष्यात दारूला शिवली नाही. तिच्यासमोर ग्लास नुसता धरला. वास घेऊन म्हणाली, "हा आपला दोन नंबरचा माल आहे. जरा जास्त वाळलाय."

डोंबिवली

वाईन नाही, पण माझीही बाटलीच. सासूबाईंनी घरचं कोकम आगळ दिलं, आणि कशात, तर वाईनच्या रिकाम्या बाटलीत. बंदरावर अडवलं. सील नाही, रंग लाल, मी शपथेवर सांगतेय की हे सरबताचं आहे. शेवटी तपासणीच्या बाईने झाकण काढून खोल वास घेतला. आगळात मीठ किती असतं तुम्हाला माहीत आहे. तिचा चेहरा असा झाला की मागची रांग हसायला लागली. "मॅडम, ही वाईन खराब झालीय," म्हणाली, आणि टाकून दिली. सासूबाईंना सांगितलं संपलं, फार आवडलं सगळ्यांना. आता दर वेळी दोन बाटल्या देतात.

मुंबई

आपल्याकडच्या मुंबई-गोवा बोटीचा अनुभव कुणी लिहिला नाही म्हणून. आमच्या बोटीवर बाहेरचं काहीच चालत नव्हतं, कॉर्केजचा प्रश्नच नाही. पोर्टाच्या स्कॅनरवर आमच्या ग्रुपची बाटली निघाली आणि तिथेच राहिली. बरोबर चकल्यांचा डबाही अडला, त्यावर मात्र महिला मंडळाने असा मोर्चा काढला की डबा आत आला. दुःख बाटलीचं झालं नाही. दुःख याचं की गोव्यात उतरून तीच बाटली निम्म्या किमतीच्या आसपास दिसली.

वेंगुर्ले

सगळं वाचलं. मी बोटीवर वाईन वेटर होतो, अकरा वर्षं, आता करार संपवून घरी आहे. तेव्हा टेबलाच्या ह्या बाजूने चार ओळी.

पहिलं, फिरकीच्या झाकणाचे पैसे का. कॉर्केज बूच काढायचं नसतंच. तुम्ही आमची बाटली घेतली नाही, त्याची थोडी भरपाई. शिवाय ग्लास, ते धुणं-पुसणं, फुटतात त्यांची किंमत, थंड करायची बादली, आणि उरलेली बाटली सांभाळणं. हे शेवटचं लोकांना माहीतच नसतं. अर्धी उरली तर सांगा, आम्ही केबिन नंबर लावून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री कुठल्याही डायनिंग रूममध्ये आणून देतो. खोलीत नेऊन ती बाथरूमच्या कट्ट्यावर उभी करू नका, सकाळपर्यंत बोट हलते हो.

दुसरं, माउथवॉशवाले. मशीनला रम कळत नाही, पण झाकणाखालचं कडं तुटलेलं माणसाला कळतं. शाम्पूच्या बाटलीत व्हिस्की आणणारे तर दर फेरीला. पकडलं याचं वाईट वाटत नाही, ती प्यायल्यावर शाम्पूचा वास येतो याचं वाटतं.

आता एक बाटली सांगतो. एक इंग्लिश म्हातारा, एकटा. हातात बोर्डो, म्हणजे फ्रान्सची वाईन, लेबल ओलीने खाल्लेलं, साल १९८२ वाचता येत होतं. तो म्हणाला, हळू उघड. मी साधा स्क्रू लावलाच नाही. अशा वेळी दोन पात्यांचा चिमटा असतो, तो बूच आणि काचेच्या मधून डोलवत डोलवत खाली न्यायचा आणि पिळत वर घ्यायचं. अर्धं आलं. अर्धं ओल्या मातीसारखं आत पडलं. माझे हात गार. आजूबाजूच्या टेबलांवर वाढप थांबलेली, बॉस बघतोय. मग कॉफीचा गाळणीकागद मागवला, गरम पाण्यातून काढला, कागदाचा वास जावा म्हणून, आणि थेंब थेंब डिकँटरमध्ये, म्हणजे वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, गाळली. वीस मिनिटं लागली. तोवर त्याचं सूप गार.

त्याने वास घेतला, काही बोलला नाही, दुसरा ग्लास मागितला. मला वाटलं दुसरं कुणी येणार. त्याने तो ओतून माझ्यापुढे सरकवला. ड्युटीवर आम्हाला घोटसुद्धा चालत नाही, नोकरी जाते. तसं सांगितलं. मग म्हणाला, बरं, मग नुसता इथे राहू दे. जेवण होईपर्यंत तो ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे होता.

बिल करताना बॉसला विचारलं, कॉर्केज लावू का. तो म्हणाला, बूच तरी कुठे निघालं धड, आणि सही करून काढून टाकलं.